सात ओळींची झोप

शांतता बिघडवायला माणसाला फार काही करावं लागत नाही. मला तर फक्त तोंड उघडावं लागलं.

आमच्या सिनेमाच्या धंद्यात प्रत्येक खोलीची शांतता वेगळी टेप करून ठेवतात. स्वयंपाकघराची शांतता निराळी, गोठ्याची निराळी, रिकाम्या चर्चची त्याहून निराळी. गवंड्याला जसं सिमेंट, तशी ती पुढे संवादांमधल्या फटी बुजवायला लागते. म्हणून एखाद्या जागेचं काम संपलं की आमचा ध्वनिमुद्रक इव्हों दोन्ही हात वर करून ओरडतो, "हलायचं नाही कुणी! एक मिनिट!" मग पंचवीस-तीस माणसं, कुणाच्या हातात दिवा, कुणाच्या तोंडात अर्धं सफरचंद, होती तशी उभी राहतात. त्या मिनिटात खोकला आला तर तो गिळायचा. मी इव्होंचा मदतनीस. माइकची लांब काठी डोक्यावर धरून उभं राहायचं हे माझं काम, आणि गप्प राहायचं, याचेच निम्मे पैसे.

त्या शुक्रवारी आम्ही फ्रान्समधल्या मार्जरीदच्या पठारावर एका शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात होतो. दुपारी चीज घालून घोटलेला बटाटा आणि लाल वाइन झाली होती, चूल पेटलेली होती, आणि सगळ्यांचेच डोळे जड झाले होते. इव्होंचं मिनिट सुरू झालं. अर्ध्यावर कुठून तरी घुर्र असा आवाज आला. कॅमेऱ्याच्या ट्रॉलीवर बसल्या बसल्या ओक्ताव्ह पेलिसिए झोपला होता.

इव्होंने हात वर केला. मला वाटलं, टेप थांबली. त्याला म्हणायचं होतं, थांबा, घोरणं ओसरू द्या, मग पुन्हा मोजतो. माझ्या शेजारी क्लॅपवाली मिरेय हसू दाबत कुजबुजली, "अगं बाई, बाबा झोपला की!"

"त्यात नवीन काय?" मी म्हणालो. "सोलांजच्या पहिल्या सिनेमालाही असाच झोपला होता. दिवे लागल्यावर उठला, सात ओळींत सिनेमा झोडला आणि मोकळा झाला."

कुजबुजलोच होतो मी. पण डोक्यावरचा माइक माशीचे पंखही ऐकणारा, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला, कोपऱ्यातल्या स्टुलावर, हेडफोन लावून आमची दिग्दर्शिका सोलांज मार्शादिए बसली होती. प्रत्येक खोलीची शांतता आपल्या कानांनी ऐकल्याशिवाय तिथून निघायचं नाही, अशी तिची रीत होती.

तिने हेडफोन काढले. अंडं ठेवावं तसे हलक्या हाताने टेबलावर ठेवले आणि ती अंगणात गेली. ओक्ताव्ह जागा झाला. "झालं का मिनिट?" त्याने विचारलं. कुणी बोललं नाही. त्या दिवसातली सगळ्यात चांगली शांतता ती, पण तोवर इव्होंने टेप खरंच बंद केली होती.

आता हा ओक्ताव्ह कोण, ते सांगायला हवं.

सेटवर सगळे त्याला बाबा म्हणत. गुडघे दुखरे, मिशा पिवळ्या, आणि ट्रॉली ढकलताना ओठ असे मिटलेले की जणू पाळणाच हलवतोय. हा माणूस ट्रॉली ढकलायचा आणि एका साप्ताहिकात सिनेमाची समीक्षाही लिहायचा. सदराच्या पैशांत पॅरिसमधल्या खोलीचं भाडं सुटे, पण खोली गरम करायचे पैसे सुटत नसत; ते ट्रॉलीतून येत. समीक्षक मंडळी त्याच्या नखांतलं ग्रीस बघून त्याला हमाल म्हणत, आणि हमाल मंडळी त्याला प्रोफेसर म्हणत. दोन्हीकडे तो अर्धाच. एक नियम मात्र त्याने पाळला होता. ज्या सिनेमाच्या सेटवर जेवला त्यावर कधी लिहायचं नाही. "खाल्ल्या मिठाला जागलो तर वाचकाशी बेइमानी, नाही जागलो तर मिठाशी," तो म्हणे. "त्यापेक्षा गप्प जेवावं."

त्याचं लहानपण लिमोझँमधल्या एका गावात गेलं. आई बटणं आणि लोकर विकायची. गावात सिनेमा म्हणजे चर्चशेजारचा हॉल, रविवारी दुपारी. पाद्रीबाबा स्वतः यंत्राजवळ बसत आणि पडद्यावर चुंबनाची चाहूल लागली की भिंगापुढे हाताचा पंजा धरत. पडदा काळा, वर पाच बोटांच्या कडा लाल. पोरं शिट्ट्या मारत. सिनेमा संपला की चर्चच्या मागे ओक्ताव्हचं दुकान लागे. पंजाआड काय झालं, ते तो सांगायचा. साधी हकिगत एका गोटीला, सविस्तर हवी तर तीन गोट्या. त्यानेही काही पाहिलेलं नसे. पण सांगायचा असं की मोठ्या पोरांचे कान लाल व्हायचे.

"माझी समीक्षा तिथे सुरू झाली," तो मला म्हणाला होता. "न पाहिलेलं सांगायचं आणि गोट्या घ्यायच्या. पुढे गोट्यांच्या जागी फ्रँक आले एवढंच."

तेव्हा मी हसलो होतो. हे बोलणं झालं त्या शुक्रवारच्या आधीच्या रविवारी. सेटला सुट्टी होती. रुळांवर ट्रॉलीची चाकं करकरू नयेत म्हणून रुळांना टाल्कम पावडर चोळतात, ते काम आम्ही दोघं उन्हात बसून करत होतो. पाळण्याचा वास सुटला होता. बाबाने अचानक विचारलं, "तू कुठला रे?"

"सँ-फ्लूरचा. हे काय, डोंगराच्या पलीकडे. शाळा ऑरियाकला."

"पॅरिसमध्ये कुणी ओळखीचं?"

"कुणी नाही."

"मग तुला सांगायला हरकत नाही. विहिरीत सांगितल्यासारखंच."

आमच्याकडच्या विहिरी बोललेलं परत देतात, हे मी त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं.

त्याने सांगितलं ते असं. पाच हिवाळ्यांपूर्वी तो एका सिनेमासाठी रात्रभर बंदरावर ट्रॉली ढकलत होता. सकाळी तसाच थेट पत्रकारांसाठी ठेवलेल्या सिनेमाच्या खेळाला गेला. त्या छोट्या हॉलमधल्या खुर्च्या मऊ असतात. त्या समीक्षकांना फितवायलाच केल्यात असं वाटावं इतक्या मऊ. पडद्यावर सायकलवर एक माणूस आला, अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. त्यानंतर बाबाला दिसले ते छताचे दिवे. बाहेर कोट घ्यायच्या रांगेत पुढचे दोघे म्हणत होते, "जरा संथच आहे, नाही?" त्या "जरा संथ"च्या त्याने सात ओळी केल्या. संध्याकाळपर्यंत मजकूर द्यायचा होता. "हा सिनेमा चालत नाही, रांगतो. दिग्दर्शिकेला वाटतं, कॅमेरा थांबला की खोली येते..." असं पुढे. ओळी चांगल्या होत्या. हेच त्याला जास्त खात होतं.

तो सिनेमा सोलांजचा, तिचा पहिला.

सात ओळी बाबानेच लिहिल्या, हे तिला आधीपासून ठाऊक होतं. या दुसऱ्या सिनेमाला माणसं घेताना कुणीतरी तिला म्हणालं, "हा कशाला? याने तुला सोलून काढली होती." ती म्हणाली, "म्हणजे त्याने माझा सिनेमा नीट पाहिलाय. असा माणूस ट्रॉलीवर असू दे." आणि नुसतं घेतलं नाही, त्या सात ओळी ती गुरुमंत्रासारख्या पाळत होती. शॉट जरा लांबला की टाळी वाजवायची. "जोरात, मस्यू पेलिसिए! रांगायचं नाही!" सेटवर आम्ही सगळे एकमेकांना अरे-तुरे करतो, अगदी बाबालाही. ती दोघं तेवढी एकमेकांना 'तुम्ही' म्हणत. ऐकताना वाटे, थंडीत कुणी खिडकी उघडी टाकलीय. प्रत्येक 'रांगायचं नाही'ला बाबाची मान खाली जायची आणि ट्रॉली जोरात. मला वाटायचं, टोमणा लागतोय त्याला. टोमणा नव्हताच तो. ती मनापासून ऐकत होती त्याचं, आणि तो ते बोलला तेव्हा जागा नव्हता.

"मग सांगून टाक ना तिला," मी म्हणालो.

"शनिवारी सांगणार. कॉफीला या म्हटलंय, हो म्हणाल्यात." मग ब्रश माझ्या हातात देऊन म्हणाला, "तू जरा सोलांज हो बघू."

मी गळ्याला फडकं गुंडाळून सोलांज झालो.

"मादाम, तुमचा पहिला सिनेमा पाहताना मी... अं... थोडा थकलो होतो."

"थकलो नाही बाबा. झोपलो होतो म्हण."

"असं एकदम?"

"मग काय, हप्त्याहप्त्याने झोपला होतास?"

तो हसला. पुन्हा म्हणाला. मग पुन्हा. "मी झोपलो होतो" हे तीन शब्द म्हणायला त्या माणसाला अख्खा रूळ पुसून होईपर्यंत वेळ लागला. शेवटी नीट म्हटले. डोळे पुसले, हाताला लागलेली पावडर तोंडाला लागली, आणि तो पीठगिरणीतून आल्यासारखा दिसू लागला. "जमतंय," म्हणाला.

शनिवारला एकच दिवस उरला असताना मी ते तीन शब्द माइकमध्ये सांगितले.

अंगणातून सोलांजची हाक आली, "मस्यू पेलिसिए, जरा येता?" मी काठी खाली ठेवून मागच्या दाराने सटकत होतो. "आणि रेमी, तूही ये. ज्याच्या तोंडून ऐकलं तोही असू दे."

भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात. त्या अंगणात दगडी फरशी होती.

सोलांज विहिरीच्या काठावर बसली होती. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली.

"झोपला होतात?"

"हो," बाबा म्हणाला. इतक्या तालमी करून शेवटी एवढंच.

"किती?"

"सायकलवाला आला. कोंबड्या पळाल्या. त्यानंतर दिवे लागले."

"म्हणजे शीर्षकाच्या पुढे चार पावलं." ती हसली, पण ते हसणं आम्हा दोघांपैकी कुणाच्या वाट्याचं नव्हतं. "मला त्या सात ओळी पाठ आहेत, माहितीय? माझ्या आईलाही आहेत. आणि निर्मात्याला माझ्याहून जास्त. तुमचं साप्ताहिक घेऊनच आला तो. म्हणाला, बघ, जाणता माणूस म्हणतोय रांगतो, काप. सिनेमा लोकांपुढे जायच्या आधीच वीस मिनिटं कापली. एक अख्खा प्रसंग गेला."

"कुठला?"

"तुम्हाला कसा आठवणार?" ती म्हणाली. आणि मग, का कोण जाणे, सांगू लागली.

बाईचा नवरा गेलाय. पुरून आलेत. दुसऱ्या दिवशी ती त्याचे सगळे शर्ट धुते आणि दोरीवर वाळत घालते. रात्री हिमदव पडतो. सकाळी शर्ट गोठून फळ्या झालेत, बाह्या पसरलेल्या. ती ते तसेच कवेत धरून घरात आणते आणि चुलीभोवती उभे करते. चार शर्ट, भिंतीला टेकून, जणू चार पाहुणे आलेत. ती खुर्ची ओढून बसते. ऊब लागते तसा आधी एका शर्टाचा खांदा कलतो. मग तो हळूहळू गुडघ्यात मोडावा तसा खाली बसतो. मग दुसरा. ती काही करत नाही. शेवटचा बसेपर्यंत वाट बघते, मग उठून सगळे उचलते आणि इस्त्री तापवायला ठेवते.

सांगून झालं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी इथून डोंगरापलीकडेच वाढलोय. गोठलेले शर्ट दर हिवाळ्यात पाहिलेत, त्यांच्याशी लहानपणी मारामाऱ्या केल्यात. ते बसतात हे कधी पाहिलं नव्हतं.

बाबाने विचारलं, "एकाच शॉटमध्ये?"

"एकाच."

"ट्रॉली होती?"

"होती. ढकलणारा जरा घाईत होता."

बाबाने मान हलवली. धंद्यातल्या माणसाला असल्या वेळीही तेवढंच कळतं. मग म्हणाला, "तो प्रसंग कुठे बघायला मिळेल?"

"कुठेच नाही. कापलेले तुकडे लॅबमध्ये होते, लॅब बुडाली, माल भंगारात गेला. तुम्ही झोपलात तेव्हाच तो शेवटचा लावला होता म्हणा ना, तुमच्यासारख्या दहा-बाराजणांसाठी."

"मी लिहितो," बाबा म्हणाला. "मी झोपलो होतो म्हणून लिहितो. छापून."

"लिहा. पण माझ्यासाठी नको. मला काय त्याचं!" ती उठली, स्कर्ट झटकला. "इतके दिवस मी तुमच्या घोरण्यावर सिनेमा बसवत होते, मस्यू पेलिसिए. आणि मला वाटत होतं, मी शिकतेय."

ती आत गेली. मी बाबाकडे बघू शकत नव्हतो, म्हणून त्याच्या बुटांकडे बघून म्हणालो, "माफ कर बाबा."

"कशाबद्दल? खोटं थोडंच बोललास." त्याने विहिरीतून पाणी काढलं, तोंड धुतलं. "फक्त ते माझं होतं रे. पाच वर्षांत जमवलेलं एकच खरं वाक्य होतं माझ्याकडे. ते तू खर्चून टाकलंस."

शनिवारी कॉफीला ती दोघं गेली, हे मिरेयने सांगितलं. ती पलीकडच्या टेबलावर होती. दोघांनी सोमवारच्या रुळांबद्दल बोलणं केलं: उतार किती, पाचरी किती लागतील. दुसरं बोलायला काही उरलंच नव्हतं. बाबाने नवा शर्ट घातला होता म्हणे. इस्त्री केलेला.

सोमवारी गोठ्यातलं काम सुरू झालं. म्हातारी गायीची धार काढते आणि ट्रॉली तिच्याकडे जाते, एवढाच शॉट. बाबाने सवयीने जोरात ढकलली. "हळू," सोलांज म्हणाली. पुन्हा घेतला. "आणखी हळू." तिसऱ्यांदा ट्रॉली अशी गेली की ती हलतेय हे मला गायीच्या शिंगामागच्या खिळ्यावरून कळलं. सोलांजने टाळी वाजवली नाही. धार संपली, बादली उचलली गेली, म्हातारी दाराबाहेर गेली, तरी तिने 'कट' म्हटलं नाही. बाबा रुळांजवळ वाकलेला, ओठ मिटलेले, गाल ओले. घामही असेल. मी विचारलं नाही. विचारायचा हक्क माझा संपला होता.

स्वयंपाकघर पुन्हा करायला वेळ नव्हता. त्यामुळे तो सिनेमा निम्मा धावतो आणि गोठ्यात शिरला की श्वास घेऊ लागतो. पुढे एका समीक्षकाने त्यात फार खोल हेतू शोधला. जागा असावा बहुतेक.

बाबाने लिहिलं मात्र. शब्द राखून, आठ ओळी: त्या दिवशी मी झोपलो होतो, आणि ज्यावर लिहिलं ते मी पाहिलं नव्हतं. संपादकाने फोन केला. बाबाने मला तो फोन नक्कल करून ऐकवला. "अरे ओक्ताव्ह, कुठल्या सात ओळी? कुणाला आठवतायत त्या? कशाला हात दाखवून अवलक्षण? शिवाय वाचकाला कळलं समीक्षक झोपतात, तर सदर कशाला घेईल तो?" छापलं नाही. बाबाला वाटलं होतं, शिव्या बसतील, सदर जाईल. तसं काहीच झालं नाही, आणि तेच त्याला सोसेना. गुन्हा कबूल करायला चौकीत जावं, तर हवालदाराने म्हणावं, जा घरी, जेवण गार होईल.

सदर तो अजून लिहितो. पण पत्रकारांच्या खेळाला आता खुर्चीत बसत नाही. मागच्या भिंतीला पाठ लावून पूर्ण सिनेमा उभ्याने बघतो, दुखऱ्या गुडघ्यांनी. नवी समीक्षक पोरं त्याला ढोंगी म्हणतात. जुनी म्हणतात, मूळव्याध आहे. मी खरं काय ते सांगू शकतो, पण माझ्या सांगण्याने काय होतं ते आपण पाहिलंच.

सोलांजच्या या सिनेमाच्या खेळालाही तो उभाच होता. लिहिणार नव्हता, मीठ खाल्लं होतं. मी इव्होंच्या शेजारी बसलो होतो. स्वयंपाकघराचा प्रसंग आला. दोन संवादांच्या मधे शांतता आली आणि मला लगेच कळलं, ही इथली नव्हे. त्या खोलीत चूल होती, तिच्या विटा तापल्या की बारीक टिकटिकायच्या. ही शांतता दुसऱ्या कुठल्या तरी खोलीतून उसनी आणून चिकटवलेली होती. प्रेक्षकांना कळलं नसेल. इव्होंने अंधारात माझ्यापुढे एक बोट धरलं. म्हणजे, माझं एक मिनिट तुझ्याकडे बाकी.

भेटला की अजून तेच बोट दाखवतो. मी घरी जातो तेव्हा ते शेत वाटेतच लागतं. शेतकरीण मला ओळखते. तिने आता तिथे मोठा फ्रिज घेतलाय, तो घरघरतो. "बंद करून देईन की मिनिटभर," ती म्हणते, "चूलही पेटवते, ये तू तुझी काठी घेऊन." इव्हों टेप द्यायला तयार आहे. अट एकच: "येताना बाबालाही आण. तोही होता त्या खोलीत. माणूस कमी असला की खोलीचा आवाज बदलतो."

तीन हिवाळे झाले. बाबाला विचारायला अजून माझं तोंड उघडत नाही.